पन्नाशी उलटलेल्या गाडीचे नवे बूट

जुन्या गाड्यांच्या मेळ्यात माणसं कुठे बघतात हे ठरलेलं असतं. आधी पुढची जाळी, मग क्रोमचा बंपर, मग बॉनेट उघडं असेल तर दोन एसयू कार्ब्युरेटर. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यातल्या रविवारी एखाद्या पबच्या मागच्या मैदानात अशा गाड्या ओळीने उभ्या असतात. निवृत्त गृहस्थ चहाचे कागदी पेले घेऊन फिरत असतात आणि तुमच्या गाडीबद्दल तुम्हालाच चार गोष्टी ऐकवून पुढे सरकतात. माझी गाडी १९७२ ची एमजीबी, एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार, उघड्या टपाची, निळ्या-हिरव्याच्या मधल्या रंगाची. रंग मूळचा आहे का, हा प्रश्न हमखास येतो. ओव्हरड्राइव्ह आहे का, हाही येतो. पण गुडघ्यावर बसून, पुढच्या चाकामागे मान घालून 'स्टिअरिंगचे बूट कसे आहेत हो?' असं विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय. बूट म्हणजे सांध्यांवर चढवलेलं रबरी आवरण.

आणि मी स्वतः जेव्हा दुसऱ्याची गाडी बघतो, तेव्हा पहिल्यांदा तिथेच बघतो. ही सवय मला सावंतवाडीच्या एका गॅरेजात लागली. कॉलेजच्या दिवसांत तिथे मी तासन्‌तास उभा असायचो. कामाला म्हणून नव्हे, नुसता बघायला. तिथले मिस्त्री गाडी आत आली की इंजिन सुरू करायला सांगत नसत. चाक एका बाजूला पुरतं वळवायला लावत, बोटं चाकाच्या आतल्या बाजूने फिरवत आणि ती बोटं उजेडात धरून बघत. ग्रीसचे शिंतोडे असले की निकाल लागला: 'बूट गेलो.' तेव्हा मारुती ८०० चा जमाना. कोकणातली लाल माती फाटलेल्या ॲक्सल बुटातून आत शिरली की ग्रीसबरोबर तिचा घोटून घोटून असा काही लेप व्हायचा, की महिन्याभरात वळणावर टकटक आवाज सुरू. वीस-पंचवीस रुपयांच्या रबराकडे कानाडोळा केला की हजारांचा जॉइंट. हे गणित मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आणि बहुतेक गिऱ्हाइकं 'पुढच्या खेपेक बघूया' म्हणून निघून जात.

एमजीबी ही काही दुर्मीळ चीज नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल कोणा लक्षाधीशाचे नखरे चाललेत. १९६२ च्या सप्टेंबरात ती बाजारात आली आणि १९८० च्या ऑक्टोबरात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमधला तिचा कारखाना बंद झाला. मधल्या अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, तेच साध्या घरगुती गाड्यांमध्येही बसवलेलं. पगारदार माणसाला झेपेल अशी स्पोर्ट्स कार, हीच तिची कल्पना होती. आज तिचं सुटं भागांचं जग इतकं मोठं आहे की १९८८ पासून मूळ साच्यांवर काढलेली अख्खी नवी बॉडीसुद्धा विकत मिळते. मी राहतो रेडिंगच्या बाजूला. तिथून ॲबिंग्डन फार लांब नाही. कारखान्याच्या जागेला लागूनच सेमेटरी रोडवर एमजी कार क्लबचं कार्यालय आहे; पत्ता कोणी मुद्दाम निवडला असेल असं नाही, पण शोभतो खरा. पुण्यातल्या मावसभावाला 'एमजी घेतली' म्हणून कळवलं, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, 'हेक्टर का? सनरूफवाली?' सनरूफच आहे, म्हटलं. नुसतं सनरूफ.

तर बूट. इथे त्यांना गेटर म्हणतात, पण माझ्या तोंडात सावंतवाडीचाच शब्द बसलाय. स्टिअरिंगचं चाक फिरवलं की खाली एक छोटं दातेरी चाक फिरतं आणि ते एका दातेरी दांड्याला डावी-उजवीकडे ढकलतं. हा दांडा म्हणजे रॅक. त्याच्या दोन टोकांना दोन टाय रॉड, त्यांच्या टोकांना बॉल जॉइंट, आणि ते चाकांना वळवतात. रॅकची नळी जिथे संपते आणि टाय रॉड जिथे बाहेर पडतो, त्या सांध्यावर घड्याघड्यांचं रबर असतं, पेटीच्या भात्यासारखं. चाक डावीकडे वळलं की एका बाजूचा भाता मिटतो, दुसऱ्या बाजूचा उघडतो. बॉल जॉइंटवर वेगळा छोटा बूट, लिंबाएवढा. पुढच्या बाजूला मिळून हे चार तुकडे. यातला एकही गाडी चालवत नाही, थांबवत नाही, वळवतही नाही. धूळ, पाणी आणि मीठ बाहेर ठेवायचं, वंगण आत ठेवायचं, एवढंच काम.

मीठ म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण इथलं मीठ समुद्रावरून येत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून चेशरमधल्या विन्सफर्डसारख्या खाणींतलं तांबूस खडेमीठ ट्रकांनी पसरतात. चाकांनी उडवलेला त्याचा चिखल नेमका या चार रबरांवर बसतो.

एमजीबीच्या रॅकची एक खोड मात्र वेगळी. पुष्कळ गाड्यांच्या रॅकमध्ये ग्रीस असतं. हिच्यात तेल असतं, मागच्या अ‍ॅक्सलमध्ये घालतात तेच ९० नंबरचं दाट तेल, एक तृतीयांश पाइंट, म्हणजे दोनशे मिलिलीटरला थोडं कमी. हे तेल रॅकच्या नळीत इकडून तिकडे वाहतं, दातांना न्हाऊ घालतं आणि दोन्ही टोकांना त्याला अडवून धरणारं दुसरं काही नसतं. नुसते ते दोन बूट. म्हणजे बूट फाटला की नुसती धूळ आत जात नाही, तेलही बाहेर जातं, थेंबाथेंबाने, गॅरेजच्या फरशीवर जिथे आधीच एमजीबीचे इतर डाग असतात. त्या गर्दीत हा नवा डाग कोणाच्या लक्षात यावा? इंजिनखालचा डाग आणि चाकाजवळचा डाग यांची जागा वेगळी, एवढीच खूण. रॅक कोरडा पडला तरी गाडी तक्रार करत नाही. स्टिअरिंग थोडं जड होतं, आणि जुन्या गाडीचं स्टिअरिंग जड असायचंच, असं मालक स्वतःची समजूत घालतो. दुरुस्त करून मिळणारा रॅक शंभर पौंडांच्या वर जातो. बुटांची जोडी साध्या जेवणाच्या किमतीत येते.

आता यात कायद्याची गंमत अशी की ही गाडी तपासायला कोणी नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी नावाची तपासणी करावी लागते. पण २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना त्यातून सूट आहे. रस्त्याचा करही माफ. सरकारचा विचार असा की अशा गाड्या क्वचित बाहेर निघतात आणि मालक त्यांना जिवापाड जपतात. पहिला भाग खरा आहे. दुसऱ्याबद्दल मला शंका आहे. मेळ्यांमध्ये मी पाहिलेत ते जिवापाड जपणारे हात: कानकाडी घेऊन जाळीच्या पट्ट्यांमधली धूळ काढतात. त्याच गाडीच्या टाय रॉडखाली वाकून बघितलं तर बुटाच्या जागी रबराची एक चिंधी लोंबत असते. तपासणीच्या नियमांत बूट खराब झाला असेल तर तो किरकोळ दोष, पण धूळ आत जाऊ लागली असेल किंवा बूटच नसेल तर मोठा दोष, आणि मोठ्या दोषाला गाडी नापास. म्हणजे शेजाऱ्याची पाच वर्षांची हॅचबॅक ज्या कारणासाठी रस्त्यावर येऊ शकत नाही, ते कारण लटकवून पन्नास वर्षांची गाडी ताशी सत्तर मैलांनी मोटरवेवर धावू शकते. गाडी रस्त्यावर आणण्याजोगी ठेवायची जबाबदारी कायद्याने मालकावर आहेच. फक्त त्याला विचारणारं कोणी उरलेलं नाही. मला ही सूट म्हणजे सरकारने केलेला लाड वाटतो. लाडाने मुलं बिघडतात, तशी गाड्यांची बाहेरची अंगं चमकत राहतात आणि आतली झिजतात. सूट असूनही स्वखुशीने तपासणी करून घेता येते, आणि मी घेतो.

या वेळचं काम त्याच्याच आधीचं. खाली दिवा धरून बघताना डाव्या भात्याच्या घड्यांत चिरा दिसल्या. उजवा अजून धरून होता. बॉल जॉइंटच्या दोन्ही लहान बुटांना मात्र आडवी भेग. राग आला तो याच दोघांचा, कारण ते बसवून दोन हिवाळेही झाले नव्हते. जुन्या गाडीवाल्यांमधली ही कायमची रड आहे: मूळचं रबर वीस-वीस वर्षं टिकलं आणि हल्ली नवं म्हणून जे मिळतं ते डबीतून काढतानाच म्हातारं असतं. दुकानाचं नाव घेत नाही, कारण अनुभव एका दुकानापुरता नाही. पण डबीवर चकचकीत लेबल, आत भलत्याच मिश्रणाचं रबर, हा धंदा सर्रास चालतो.

रबर असं का मरतं हे समजून घेतल्यावर मात्र माझा राग थोडा निवळला. नैसर्गिक रबर म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या, आणि त्या साखळ्यांमध्ये जागोजागी दुहेरी बंध. हवेत ओझोन अगदी नावापुरता असतो, दहा कोटी कणांत काही थोडे, पण तो नेमका या दुहेरी बंधांवर तुटून पडतो. त्यातही त्याचं एक वागणं ठरलेलं: ढिल्या रबराला तो फारसं करत नाही, ताणलेल्या रबराला करतो. ताणाच्या दिशेला काटकोनात चीर पडते, चिरेच्या तोंडाशी ताण वाढतो आणि चीर आत जाते. म्हणून भात्याला चिरा पडतात त्या घडीच्या वळणावर, आणि बॉल जॉइंटच्या बुटाला पडते ती जिथे तो सगळ्यात तंग बसतो तिथे. चांगल्या रबरात याला उतारा म्हणून ओझोनरोधक रसायनं आणि मेण घातलेलं असतं. मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतं. नव्या टायरवर कधी तपकिरी झाक दिसते, ती अशाच रसायनांची. स्वस्तातल्या बुटात वाचवलेले चार पैसे म्हणजे बहुतेक हेच.

यातून निघालेली एक साधी गोष्ट मी प्रत्येक गाडीवाल्याला सांगतो आणि प्रत्येक जण मान डोलावून विसरतो. गाडी हिवाळ्यासाठी गॅरेजात लावताना चाकं सरळ ठेवा. पुरती वळवून ठेवली की एका बाजूचा भाता चार महिने ताणलेला राहतो, आणि ओझोनला सुट्टी नसते.

दुसरं कारण तेल. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं. म्हणून तेल धरणारा भाता निओप्रीन किंवा नायट्राइल अशा कृत्रिम रबराचा हवा, आणि ओळखीच्या रबराच्या वासावर भरवसा ठेवून चालत नाही. लहान बुटांसाठी मी या खेपेला पॉलियुरेथेन घ्यायचं ठरवलं. त्याला ओझोनचीही पर्वा नाही, ग्रीसचीही नाही.

रविवारी दोडामार्गला काकांना फोन असतो. त्यांना हे सगळं सांगत होतो. त्यांच्या घराच्या मागच्या डोंगरावर पूर्वी आम्ही करवंदं खायला जायचो, तिथे आता रबर आहे. केरळातून आलेल्या लोकांनी गेल्या काही दशकांत दोडामार्ग तालुक्यात जमिनी घेऊन रबर लावलं. जंगल गेलं म्हणून त्यावर बोलणारे आहेत, रोजगार आला म्हणणारेही आहेत, आणि काका दोन्ही बाजूंनी बोलतात, समोर कोण बसलंय त्यावर. मला म्हणाले, 'मेल्या, पन्नास वर्सांची गाडी ती, तिका रबरां कित्याक बदलतंस? नवी घे मगे.'

'नव्या गाडीलाही हेच रबर असतं काका.'

'हयसर झाडाकच फ्रॉक घालतत,' ते म्हणाले.

ते खरंच आहे आणि मी पाहिलंय. रबराच्या झाडाला पहाटे तिरकी काप देतात, चीक त्या कापेवरून ओघळून खाली बांधलेल्या वाटीत जमतो. पावसाळ्यात खोडावरून पाणी वाहतं, ते चिकात मिसळून सगळा वाया. म्हणून कापेच्या वर खोडाला डांबरासारख्या चिकट लेपाने प्लॅस्टिकचा घेर चिकटवतात. पाऊस घेरावरून बाहेर पडतो, काप कोरडी राहते, जून-जुलैतही चीक काढता येतो. लांबून बघितलं तर डोंगरभर झाडं परकर नेसून उभी. मग तो चीक फॉर्मिक ॲसिड घालून थाळ्यांत गोठवायचा, लाटून चादरी करायच्या, वाळवायच्या. हे झाडही मूळचं इथलं नाही. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलमधून सत्तर हजारांच्या आसपास बिया लंडनच्या क्यू बागेत आणल्या, त्यातली रोपं सिलोनला गेली, आणि आशियातल्या रबराचा मोठा पसारा त्या रोपांपासून सुरू झाला. क्यू माझ्या घरापासून ट्रेनने तासाभरावर आहे. बागेत गेलो की बायको ऑर्किडं बघते आणि मी विचार करतो की या काचेच्या घरांतून निघालेलं झाड फिरून फिरून माझ्याच गावच्या डोंगरावर जाऊन बसलं.

काम मी शनिवारी काढलं, पाऊस नसलेला बघून. गाडी घरासमोरच्या सपाट काँक्रीटवर. मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे, पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर. जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालायचा नाही, हा नियम मी घरात मोठ्याने बोलून दाखवतो, कारण मदतीला लेक असते आणि तिला सगळं कारणासकट हवं असतं.

पहिलं काम टाय रॉडच्या लॉकनटचं. तो रॉड अजून चाकाला पकडलेला असतानाच ढिला करावा, नंतर सगळंच गरगर फिरायला लागतं. आदल्या दोन दिवसांपासून त्याच्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. वायर ब्रशने आटे घासले, पाना लावला, आणि तो किरकिरत अर्धा फेरा सुटला. लॉकनट जिथे होता तिथे आट्यांवर पांढऱ्या रंगाची रेघ. पुढे टाय रॉडचा एंड, म्हणजे बॉल जॉइंटसकटचा टोकाचा तुकडा, बाहेर काढताना किती फेऱ्यांत निघतो ते लेकीने पाटीवर लिहायचं, म्हणजे परत तितक्याच फेऱ्यांनी बसवता येतो आणि चाकांचा कोन फार हलत नाही.

मग बॉल जॉइंट सोडवायचा. इथे घाई करणाऱ्यांची पंचाईत होते. बॉल जॉइंटचा दांडा निमुळता असतो आणि चाकाला वळवणाऱ्या आर्मच्या तितक्याच निमुळत्या भोकात इतका घट्ट रुतलेला असतो की नट काढून टाकला तरी ढिम्म हलत नाही. बाजारात याच्यासाठी दुबेळक्यासारखं एक हत्यार मिळतं: मध्ये घालायचं आणि वरून हातोडा. जॉइंट सुटतो, पण त्या बेळक्याच्या दोन्ही टोकांनी बूट फाडून ठेवलेला असतो. म्हणजे ज्या रबरासाठी खटाटोप करायचा त्याचाच खून. कात्रीसारखं दाबणारं दुसरं हत्यार असतं, ते बुटाला शिवत नाही. नट पुरता काढायचा नाही, दोन-तीन आटे धरून ठेवायचा, म्हणजे जॉइंट सुटताना उडत नाही आणि आट्यांची टोकंही मार खात नाहीत. हत्यार आवळत न्यायचं. एका टप्प्यानंतर ते आणखी आवळायचं नाही, थांबायचं. आर्मच्या भोकाच्या बाजूवर हातोड्याचा एक सरळ घाव. पहिल्या घावाला काहीच झालं नाही. दुसऱ्याला 'ठण्ण' करून आवाज आला, काँक्रीटमधून पायाला जाणवला, आणि जॉइंट खाली लटकला. लेक दोन पावलं मागे गेली होती, ती पुढे आली. 'तुटलं?' 'सुटलं.'

जुना बूट पातळ तारेच्या दोन कड्यांनी धरलेला. कडी चिमट्याने काढली, बूट बोटाने ओढला तर भेगेतून सरळ दोन भाग झाले. आतलं ग्रीस अजून पिवळसर होतं, काळं पडलेलं नव्हतं, म्हणजे पाणी आत पोचलं नव्हतं. फडक्याने पुसून बॉल बोटांत धरून सगळ्या दिशांनी फिरवला. एकसारखा ताठ, कुठे अडखळ नाही, खडखड नाही. असा असेल तर नुसता बूट बदलावा. अडखळ लागली तर जॉइंटच बदलायचा, तिथे काटकसर नको. नवं ग्रीस भरताना हात आवरायचा. बूट गच्च भरला की वळणावर त्याला जागा उरत नाही आणि ग्रीस कडीखालून वाट काढतं, मग पाण्यालाही तीच वाट सापडते. पॉलियुरेथेनचा बूट रबरापेक्षा कडक. तो बसवायला अंगठे दुखले, पण एकदा बसल्यावर कड खाचेत गेल्याचं बोटाला कळतं.

भात्याचं काम तेलकट. खाली जुनी भाकरीची परात ठेवली (ती आता गॅरेजची, स्वयंपाकघरात परत जाणार नाही, असा ठराव झालेला आहे). मोठ्या तोंडाची क्लिप सोडली आणि तेल हळूहळू परातीत आलं, काळपट, तितकं नाही जितकं यायला हवं होतं. दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी नव्हतं. जुना भाता काढून उजेडात धरून ताणला. बाहेरून दिसत होत्या त्या चिरा चारच, ताणल्यावर प्रत्येक घडीच्या तळाशी बारीक केसांसारख्या रेषांची रांग. एका ठिकाणी पलीकडचं आभाळ दिसलं. लेकीने तो भाता शाळेत दाखवायला मागून घेतला.

नवा भाता टाय रॉडवरून चढवताना त्याचं बारीक तोंड आट्यांवरून जातं आणि आट्यांच्या धारेने तिथेच बारीकशी काप बसू शकते. ती आज दिसत नाही, पुढच्या हिवाळ्यात दिसते. म्हणून आट्यांना आधी चिकटपट्टी गुंडाळली, वरून थोडं तेच तेल लावलं, भाता सरकवला, पट्टी काढून टाकली. मोठं तोंड रॅकच्या नळीवर, क्लिप. बारीक तोंड अजून मोकळं, कारण तेल तिथूनच घालायचं. ती बाजू थोडी जास्त उचलली आणि जाड सिरिंजने तेल सोडलं. ९० नंबरचं तेल हिवाळ्यात मधासारखं चालतं, म्हणून बाटली आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवावी. जास्त घालण्याचा मोह होतो. करू नये. रॅक एका बाजूला सरकला की तेल दुसऱ्या बाजूला ढकललं जातं, जागा नसेल तर भाता फुगून क्लिपमधून सुटतो. याच कारणाने चाकं अधांतरी असताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत झटक्याने फिरवू नये, रॅकमध्ये दाबाने नुकसान होऊ शकतं.

त्यामुळे लेकीला आत बसवून सांगितलं, हळू. इतकं हळू की तुला कंटाळा येईल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम तीन फेरे आहेत. मी खाली आडवा पडून बघत होतो. भाता एकेक घडी मिटत गेला, सगळ्या घड्या सारख्या, कुठे पीळ नाही, कुठे घडी दुसऱ्या घडीवर चढली नाही. मग उलट. 'बाबा, अजून?' 'अजून.' घड्या उघडल्या, तळापर्यंत काळ्या आणि सलग. बारीक तोंडाची क्लिप मी तेव्हाही आवळली नाही. चाकांचा कोन लावताना टाय रॉड फिरतो आणि त्याच्याबरोबर भात्याला पीळ बसतो, म्हणून ती सगळ्यात शेवटी. त्या तोंडाला काही जण प्लॅस्टिकचा केबल टाय लावतात आणि शिव्या खातात. मीही लावतो. टिकतो, गंजत नाही, कापायला सोपा.

उजवा भाता जुना असूनही धडधाकट होता. तोही बदलला. चाक काढलेलंच आहे, हात बरबटलेलेच आहेत, तर एक नवा आणि एक जुना ठेवून पुढच्या वर्षी परत आडवं कोण पडणार?

पॉलियुरेथेनच्या बुटांवर काही लोकांची नाराजी असते, कारण ते मूळचे नव्हेत. ॲबिंग्डनमधून गाडी जशी निघाली तशीच राहावी, असा त्यांचा आग्रह. गाडीच्या रंगाबद्दल, सीटच्या शिवणीबद्दल, डॅशबोर्डच्या काट्यांबद्दल तो आग्रह मला पटतो. रबराबद्दल नाही. ॲबिंग्डनच्या कारागिरांनी त्या दिवशी मिळणारं रबर लावलं, ते कोणी पवित्र म्हणून लावलं नव्हतं. मुळातला रॅक, मुळातला टाय रॉड, चाक ज्यावर वळतं तो मुळातला किंगपिन टिकवायचा असेल तर त्यांच्यावरचं पांघरूण पुन्हा पुन्हा नवं घालावं लागणार, आणि दरवेळी ते आधीच्याहून बरं मिळत असेल तर घ्यावं. माझ्या गाडीत मुळातलं लोखंड जेवढं शिल्लक आहे, ते बदललेल्या रबरांच्या जिवावर.

कोन लावायचा तो मी दोरीने अंदाजे लावतो. गाडीच्या दोन्ही अंगांना समांतर ताणलेल्या दोऱ्या आणि एक पोलादी पट्टी. एमजीबीला पुढची चाकं किंचित आत वळलेली हवीत, दीड ते सव्वादोन मिलिमीटर. दोरीने त्याच्या आसपास पोचता येतं, आणि नेमकं करायला गॅरेजवाल्याकडे मोजमापाची यंत्रं आहेत. त्याच खेपेला तपासणीही.

तपासनीस तरुण होता, गाडीपेक्षा निम्म्या वयाचा असेल. त्याने गाडी वर उचलली, सहकाऱ्याला स्टिअरिंग हलवायला सांगितलं, दिवा घेऊन टाय रॉडला हात लावला, बूट बोटाने दाबला, भाता बघितला आणि पुढे गेला. काहीच बोलला नाही. एक्झॉस्टच्या आवाजाचं मात्र कौतुक केलं. शेवटी कागद हातात आला. पास, खाली एक किरकोळ दोष: डाव्या वायपरचं रबर फाटलेलं.

ते दहा मिनिटांचं काम आहे. जोडी मागवलीय.